चौकट आटली

यल्लाप्पा कांबळ्यांच्या बेळगावजवळच्या मच्छेतल्या घरात न्हाणीला दार नव्हतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. दार होतं, सागवानी होतं, अस्सल कारागिराच्या हातचं होतं. फक्त गेली दोन वर्षं ते न्हाणीबाहेरच्या भिंतीला टेकून उभं होतं. न्हाणीला पडदा होता. पाहुणे पडदा सारून आत जात, बाहेर येताना दाराकडे बघत, मग यल्लाप्पाच्या बायकोच्या, तानीबाईच्या तोंडाकडे बघत, आणि विचारायचं राहून जाई.

दार चौकटीपेक्षा पाऊण इंच उंच होतं. रुंदीलाही थोडं जास्तच.

यल्लाप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत छत्तीस वर्षं पॅटर्नमेकर होता. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा होतो, साच्यात रस ओतला जातो. पण रस गार झाला की आटतो, शंभराला एक या बेतानं. म्हणून नमुना तेवढाच मोठा करायचा. त्यासाठी एक वेगळी पोलादी पट्टी असते. दिसायला चारचौघींसारखी, पण तिचा फूट खऱ्या फुटाहून जरासा लांब. कंपनीत तिला श्रिंकेज स्केल म्हणत. तानीबाई तिला आटाची पट्टी म्हणायची.

यल्लाप्पा कामाला लागला तेव्हा मिस्त्रीनं पहिली चार वर्षं ती पट्टी त्याला शिवू दिली नव्हती. का, ते मिस्त्री बोलला नाही आणि यल्लाप्पाला विचारावं लागलं नाही. पाचव्या वर्षी जुना मिस्त्री गेला, नवा आला, आणि पट्टी यल्लाप्पाच्या हातात आली. त्या दिवशी घरी येऊन त्यानं ती बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली आणि जेवण होईपर्यंत तिच्याकडे पाठ केली नाही. त्याचा एक नियम होता. कंपनीची पट्टी कंपनीच्या कामाला, घरची पट्टी घरच्या कामाला. दोन्ही एका खिशात ठेवणारा कारागीर नव्हे. लहानपणी पोरानं, सुगतनं, एकदा वहीत समास मारायला ती पट्टी उचलली, तर आयुष्यात बापाची एकच चापट खाल्ली ती त्या दिवशी.

असा हा माणूस. त्यानं दोन वर्षांपूर्वी न्हाणीची चौकट मोजली टेपनं आणि फळ्या कापल्या आटाच्या पट्टीनं. तीनदा दार लावून बघितलं. मग दोन पावलं मागं सरला, एक डोळा बारीक केला आणि निकाल दिला, "दार बरोबर हाय. चौकट आटलीया."

तानीबाई खो खो हसली होती. तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. ते हसणं तिच्या नावावर अजून तसंच आहे.

पुढं एकेक गोष्ट दाखल होत गेली. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. चहात दोनदा साखर पडली, एकदा मीठ. यल्लाप्पा सकाळी सातला पँट चढवून, तीच पट्टी खिशात घालून पहिल्या पाळीच्या बसला निघू लागला. कंपनी सोडून चौदा वर्षं झाली होती. पण खरी गंमत निराळीच होती. घरात काहीतरी बिघडलंय हे यल्लाप्पालाही दिसत होतं. तो काही आंधळा नव्हता. त्याचा हिशोब सरळ होता: घरात माणसं दोन, चष्मा मी फ्रिजमध्ये ठेवलेला नाही, मग उरलं कोण?

त्याला तानीबाईची दया येऊ लागली.

कुंपणापलीकडच्या यशोदाबाईंना त्यानं हळूच सांगून ठेवलं, वैनी, हिच्यावर जरा लक्ष असू द्या, डोकं चालंना झालंय. यशोदाबाईंना गुपित सांगणं म्हणजे मच्छेत दवंडी देणंच, तीही मराठी-कानडी दोन्ही भाषांत. आठ दिवस गल्लीतल्या बाया तानीबाईला थांबवून मोठ्यानं आणि सावकाश विचारत होत्या, आक्का, मला वळखलासा का. तानीबाईही कमी नव्हती. एकीला म्हणाली, वळखलं की, माझं पातेलं नेऊन परत न केलेली ती तूच.

घरी येऊन मात्र ती पडद्यामागं न्हाणीत उभं राहून रडली. त्याच्या आजारापेक्षा तिला एका गोष्टीचं जास्त लागलं होतं. तो तिच्यासाठी इतका हळवा कधीच नव्हता. तरणेपणी तापानं फणफणली तर पठ्ठ्या गोळी देऊन कामावर जायचा. आता तिला पायरी उतरताना कोपराला धरत होता.

सुगत निपाणीला कॉलेजात शिकवतो. तो म्हणाला, आप्पांना दवाखान्यात नेऊ. यल्लाप्पा म्हणाला, मला काय झालंय? त्यावर तोड काढली ती तानीबाईनंच. म्हणाली, माझंच डोकं दुखतंय, मला न्या. मग यल्लाप्पा शर्टाला इस्त्री करून सगळ्यांच्या आधी तयार.

बेळगावातली डॉक्टर सौम्या वयानं लहान, पण जाणती. नाव कोणाचं आणि पेशंट कोण, हे तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. तिनं तानीबाईला विचारलं, आज वार कोणता. गुरुवार होता, तानीबाईनं गुरुवार सांगितला. यल्लाप्पानं डॉक्टरीणबाईंकडे बघून मान हळूच हलवली. 'बघा,' असं तो डोळ्यांनीच म्हणाला, आणि तोंडानं अगदी समजुतीनं, "न्हाय गं, आयतवार आज."

मग सौम्या म्हणाली, अज्जा, आता तुम्हीच मला मदत करा, यांना घड्याळ काढून दाखवा. यल्लाप्पानं पेन्सिल घेतली आणि हातानं गोल काढला. असा गोल, की कंपासालाही लाज वाटावी. सौम्या बघतच राहिली. त्यात त्यानं आकडे मांडले, एक ते बारा, सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीनं, बसच्या दारात माणसं लोंबकळावीत तसे. डावी बाजू कोरी. कागद त्यानं लांब धरून बघितला, समाधान झालं, आणि तानीबाईपुढं सरकवला. "आता असं काढ."

तानीबाईनं काढलं. तिनंही आकडे एकाच बाजूला मांडले. त्याचं घड्याळ चुकीचं ठरवायचं तिच्या जिवावर आलं.

बाहेर सुगतला सौम्यानं सांगितलं, अज्जांना आपण आजारी आहोत हे कळत नाहीये, आणि ते कळवायच्या मागं लागू नका. तो हट्ट नाही, आजाराचाच भाग आहे. गोळ्या सुरू झाल्या. दोघांनी मिळून घ्यायच्या. तानीबाई बडीशेप तोंडात टाकायची, तो गोळी. आणि तिनं गिळली का ते तोंड उघडायला लावून बघायचा.

मधे एक बाई सांभाळायला ठेवून बघितली. यल्लाप्पाला वाटलं, ती तानीबाईसाठी आलीये. तो तिला दिवसभर कामाला लावायचा. हिचे पाय चेप, हिला फिरवून आण, माझ्याकडं काय बघतीस. नवव्या दिवशी बाई म्हणाली, आज्जी, पेशंट सांभाळीन, मुकादम न्हाय सांभाळणार. गेली.

हे असं अजूनही वर्षानुवर्षं चाललं असतं. तानीबाईची ना नव्हती. पण गेल्या महिन्यात एक सकाळ आली. तानीबाईला रात्रीपासून ताप होता, गोळी घेऊन ती झोपली होती. यल्लाप्पानं तिच्यासाठी दूध गॅसवर ठेवलं. दूध उतू गेलं, जाळ विझला, गॅस सुरूच राहिला. तेवढ्यात त्याला पहिली पाळी आठवली. आजारी बायको उठून कुठं भटकायला नको, म्हणून त्यानं बाहेरून कुलूप घातलं, ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली आणि बसथांब्यावर जाऊन उभा राहिला.

वास आला तो यशोदाबाईंना. जिच्या नाकातोंडाला तानीबाईनं जन्मभर नावं ठेवली, तिनंच तानीबाईला वाचवलं. त्यांच्या ओरडण्यानं तानीबाई जागी झाली, चाचपडत जाऊन तिनं गॅसचं बटण बंद केलं, पण दाराशी येईपर्यंत डोकं गरगरू लागलं. यशोदाबाईंनी घरातला वरवंटा आणून कुलूप फोडलं. तानीबाई उंबऱ्यावर कोसळली आणि उजवं मनगट मोडलं.

तासाभरानं कोणीतरी ओळखीच्यानं यल्लाप्पाला थांब्यावरून घरी आणलं. त्यानं गर्दी बघितली, फुटलेलं कुलूप बघितलं, हात पोटाशी धरून बसलेली बायको बघितली आणि गोळा झालेल्या माणसांना हताशपणे म्हणाला, "बघितलासा न्हवं? म्हणून कुलूप लावून गेलतो. तरी फोडलंच हिनं."

कोणी हसलं नाही. यशोदाबाईसुद्धा.

त्यानंतर सुगतनं काही ऐकलं नाही. निपाणीच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत, अशा म्हाताऱ्यांना ठेवून घेणारं एक केंद्र आहे. तो दोनदा जाऊन बघून आला. कॉलेज तिथून जवळ, तो रोज जाऊ शकत होता. तानीबाई म्हणाली, मी असताना त्यांना दुसऱ्याच्या दारात कशाला? सुगत तिच्या प्लास्टरकडे बघत राहिला. शेवटी तिनं एकच अट घातली. त्यांना सोडून आलो असं त्यांना एक क्षणही वाटता कामा नये. ते जमणार असेल तर ने. नाहीतर मी या हातानं, उरलेल्या हातानं, कसंही बघीन.

"कसं जमायचं गं ते?" सुगत म्हणाला.

जसं दवाखान्याचं जमलं तसं, असं ती म्हणाली.

रविवारी जेवताना सुगतनं विषय काढला. आप्पा, आईला काही दिवस निपाणीकडं एका ठिकाणी ठेवू, तिथं माणसं आहेत बघायला. यल्लाप्पाचा हातातला घास हातातच राहिला. तो त्यानं ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "मी असताना तिला दुसऱ्याच्या दारात कशाला?"

शब्दाला शब्द. तानीबाई उठून आत गेली आणि उगाचच तांब्या माठात बुडवत राहिली.

तो दोन दिवस कबूल होईना. तिसऱ्या दिवशी तिच्या प्लास्टरवरून हात फिरवत म्हणाला, माझ्या हातनं नीट व्हईना झालंय बहुतेक. तेवढंच. दोन वर्षांत स्वतःबद्दल तो एवढं एकच बोलला, तेही तिच्या दुखण्याच्या संदर्भात.

बुधवारी गाडी निघाली. पिशवी तानीबाईच्या नावाची, आत कपडे त्याचे. त्याच्या शर्टाच्या खिशातून पट्टीचं टोक वर आलेलं. वाटेत तो तिला गावं दाखवत होता, लहान पोराला दाखवावी तशी. हे हत्तरगी. हे संकेश्वर. संकेश्वर दोनदा आलं. तानीबाई दोन्ही वेळा व्हय म्हणाली.

केंद्रात त्यांच्यासाठी रवळू नावाचा माणूस नेमला होता. पन्नाशीचा, खानापूरकडचा, अंगानं आडवा, बोलायला मऊ. खोलीत एक खाट, एक खुर्ची. तानीबाई ठरल्याप्रमाणे खाटेवर बसली. यल्लाप्पानं आधी खोलीची पाहणी केली, मग पट्टी काढली आणि दाराची चौकट मोजली. मोजून झाल्यावर रवळूला म्हणाला, "ही बी आटलीया."

रवळूनं चौकटीकडं नीट बघितलं. "व्हय, आप्पा. लई दिस झालं."

तानीबाईनं त्या क्षणी रवळूला पास केलं. इतके दिवस सल्ला द्यायला आलेल्या पन्नास माणसांत हे उत्तर एकालाही सुचलं नव्हतं.

मग यल्लाप्पानं रवळूला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभा राहून कामाची माहिती देऊ लागला, नवा माणूस खात्यात आल्यावर द्यावी तशी. हिला चहा बशीत लागतो. न्हाणीतला दिवा चालू ठेवायचा, अंधारात दचकते. डावा गुडघा दुखतो, पण सांगत नाही. तानीबाईचं मन सवयीनं वाटणी करत होतं. बशी त्याची, दिवा त्याचा, गुडघा मात्र तिचा. गुडघ्याचं त्याला कधी कळलं? तिनं तर कधी सांगितलं नव्हतं.

"आनि एक," यल्लाप्पा आवाज खाली आणून म्हणाला, पण खोली केवढी ती, "इसरलीस म्हणून तिला कवा सांगू नगा. तोंड एवढंसं करती. ती काय म्हनंल त्याला व्हय म्हनायचं. मी बी म्हनतो. कवा कवा मला सांगती, कंपनी सुटून तुमाला चौदा वर्सं झाली. मी म्हनतो, व्हय, झाली. काय जातंय आपलं?"

तानीबाईनं खाटेची कड डाव्या हातानं धरली. दोन वर्षं तिला वाटत होतं, या घरात व्हय म्हणणारी ती एकटीच आहे. ओझं उचलणारी ती, तो नुसता वर बसलेला. आणि इकडे हा गडी तिच्या प्रत्येक खऱ्या शब्दाला, तिचं मन मोडू नये म्हणून, मान डोलवत होता.

"भांडती लई," तो पुढं म्हणाला, "पर मनात काय ठेवत न्हाय."

हे कोणाचं, त्याचं की तिचं, याची वाटणी तिला करता आली नाही.

ठरलं होतं ते असं. रवळू त्याला सहीच्या निमित्तानं ऑफिसात नेईल, आणि तेवढ्यात मायलेकांनी निघायचं. पण तशी वेळच आली नाही. यल्लाप्पानं खुर्ची ओढून खाटेजवळ घेतली आणि ठाण मांडलं. म्हणाला, आजच्या दिस मी ऱ्हातो. तू रुळलीस की जाईन.

तानीबाईनं सुगतकडं बघितलं. सुगतची मान खाली होती. मग ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, हाताचा फोटो काढायला दवाखान्यात बोलावलंय, जाऊन येते.

तो उठू लागला. तिनं डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि खाली दाबला. "तुमी बसा की. पिशवीकडं कोण बघंल?"

हे त्याला पटलं. राखण करायची म्हटल्यावर तो खुर्चीत ताठ बसला. "जा," म्हणाला. "मी हाय हितं. घाबरू नगंस."

तानीबाई व्हय म्हणाली आणि व्हरांड्यातून चालत गेली. मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळा डाव मोडला असता, हे तिला ठाऊक होतं. गाडीत सुगतनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्याचे खांदे हलत होते. ती म्हणाली, "काढ गाडी. आपण फोटो काढायला निघालोय."

संकेश्वर या खेपेला एकदाच आलं.

ऊन उतरायच्या सुमाराला रवळूचा फोन आला. जेवण झालं, गोळी झाली, आप्पा शांत आहेत, पण दुपारपासून खुर्चीतून हललेले नाहीत. खाटेवर पडा म्हटलं की म्हणतात, खाट तिची हाय. पाठ अवघडली असंल त्यांची. काय करू?

तानीबाईनं फोन एका कानावरून दुसऱ्यावर घेतला. युक्ती सुचायला तिला कधी वेळ लागत नसे; या वेळी जरा लागला.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "तानी म्हनालीया, अंथरून गार हाय, मी येईस्तवर ऊब करून ठेवा."

पंधरा मिनिटांनी परत फोन. रवळू हसत होता आणि हसता हसता त्याचा आवाज बदलला. झोपले, म्हणाला. पण भिंतीकडची बाजू सोडून, पार बाहेरच्या कडेला. म्हटलं मधी या, आप्पा, पडशीला. तर म्हनाले, तेवढी जागा ऱ्हाऊ दे.

तानीबाईनं फोन ठेवला. सुगतनं काय म्हणाले विचारलं. ती म्हणाली, झोपलेत. बाकीचं तिनं त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार परशराम रंधा घेऊन दारात उभा. सुगतनंच बोलावलं होतं. आप्पा होते तोवर त्या दाराला कोणाला हात लावता येत नव्हता. आता आई एकटी, हात प्लास्टरमध्ये, पडद्याच्या न्हाणीत घसरली तर? बरोबरच होतं त्याचं. परशरामनं दार आडवं केलं, सांधे बोटांनी चाचपले आणि म्हणाला, काय काम आहे हो, खिळा नाही कुठं. पाऊण इंच खालनं काढतो, पाव इंच बाजूनं, तासाभरात बसतंय बघा.

त्यानं रंधा टेकवला तेवढ्यात तानीबाई आतून आली आणि दारावर हात ठेवून उभी राहिली.

"ह्याला हात लावू नकोस."

"अवं मावशी, मग बसायचं कसं?"

"चौकट काढ आणि मोठी कर."

परशरामनं समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली. चौकट काढायची म्हणजे भिंत फोडायची, फरशा निघणार, गिलावा करावा लागणार, पाऊण इंचासाठी एवढा उपद्व्याप. दारच जरा मोठं झालंय, मावशी, चौकटीला काय झालं नाही.

"दार बरोबर हाय," तानीबाई म्हणाली. "चौकट आटलीया."

परशराम थांबला. त्यानं मान वळवून सुगतकडं बघितलं आणि हळूच हलवली. 'बघा,' असं तो डोळ्यांनीच म्हणाला.

ती नजर तानीबाईच्या ओळखीची होती. दाराची एक बाजू तिनं डाव्या हातानं धरली आणि दुसरी उचलायला परशरामला मानेनं खूण केली. भिंत फोडायची तर धूळ उडणार. दार आधी बाजूला न्यायला हवं होतं.